चित्राची पुष्पिका

१

फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र आहे. त्यात तीन तरुण स्त्रिया दिसतात. एकीने साडी नेसली आहे, दुसरीने किमोनो परिधान केला आहे, तिसरीच्या अंगावर सिरियाकडील पेहराव आहे. त्या काळी ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत त्या शिकत होत्या. छायाचित्राखाली हाताने लिहिलेली नावे आहेत. त्यांवरून पहिल्या आनंदीबाई जोशी, दुसऱ्या तोक्योच्या केई ओकामी आणि तिसऱ्या दमास्कसच्या सबात इस्लामबुली अशी ओळख पटते.

२०१० नंतरच्या काही वर्षांत हे छायाचित्र आंतरजालावर जगभर पसरले. या प्रवासात त्याला एक नवी ओळ चिकटली. भारत, जपान आणि सिरिया या देशांतील पहिल्या परवानाधारक स्त्री-डॉक्टर, असा तिचा आशय होता. ही ओळ वाचणाऱ्याच्या मनात आदर निर्माण करते, आणि बहुधा म्हणूनच ती तपासली जात नाही. जपानमध्ये पाश्चात्त्य वैद्यकाचा परवाना मिळविणारी पहिली स्त्री ओगिनो गिन्को ही होती. तिने तो १८८५ मध्येच, जपानमध्ये राहूनच मिळविला. केई ओकामीचे श्रेय वेगळे आहे: परदेशी विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेणारी ती पहिली जपानी स्त्री. आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्या. आनंदीबाई स्वदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भारतात त्यांना व्यवसाय करताच आला नाही. ‘परवानाधारक’ हा शब्द त्यांच्या बाबतीत गौरवाचा वाटला, तरी तो त्यांच्या आयुष्यातील शोकांतिका झाकून टाकतो.

नवी ओळ सदोष आहे म्हणून मूळची ओळ निर्दोष ठरते, असेही नाही. छायाचित्राखालच्या हस्ताक्षरात तिघींच्याही नावांमागे ‘डॉ.’ ही उपाधी आहे. परंतु १८८५ च्या ऑक्टोबरात तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. ओकामीला ती १८८९ मध्ये आणि इस्लामबुलीला १८९० मध्ये मिळाली. उपाधी जाणीवपूर्वक लिहिली असेल, तर ते लेखन १८९० च्या आधीचे असू शकत नाही. दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. आनंदीबाईंच्या नावापुढे गावाचे जे नाव आहे ते ‘सेरॅनिसोर’ असे वाचता येते. असे गाव नाही. गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त ज्या सेरामपूरला होते, आणि जेथे १८८३ मध्ये आनंदीबाईंनी परदेशगमनाविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले, ते हे गाव. रोमन हस्ताक्षरातील ‘एम’ हे अक्षर ‘एन’ आणि ‘आय’ असे सुटे वाचले आणि ‘पी’चा ‘एस’ झाला, की ‘सेरामपोर’चे ‘सेरॅनिसोर’ होते. म्हणजे हा ऐकण्यातला दोष नसून वाचण्यातला दोष असावा. ज्याने हे लिहिले त्याच्यासमोर आधीचा एक लेख होता आणि त्याने तो उतरवून घेतला, असे अनुमान त्यावरून करता येते. मूळ म्हणून जी ओळ मानली जाते तीही एक प्रतच आहे.

आंतरजालावर चित्रे शोधणे, पाहणे आणि इतरांपर्यंत पोहोचविणे या व्यवहाराला आता तीन दशकांचा इतिहास आहे. हा इतिहास बहुधा तंत्राचा किंवा बाजाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याला आणखी एक अंग आहे आणि ते साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येते. चित्र आणि त्याच्यासोबतचा शब्द यांच्यातील संबंध या काळात कसकसा बदलत गेला, हे ते अंग होय.

२

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, लिपिकाराचे नाव, स्थळ, शक, तिथी, कोणासाठी प्रत केली याचा निर्देश, यांपैकी जे लिपिकाराला सांगावेसे वाटले ते तेथे येते. जसे समोर होते तसे उतरविले, चूक असल्यास दोष आपला नव्हे, अशी सबबही कित्येकदा तेथेच येते. पाठचिकित्सक पोथी हाती घेतो तेव्हा तो प्रथम शेवटचे पान उलटतो. पुष्पिका ग्रंथाचा भाग नसते, परंतु ग्रंथ कोठून आला, कोणाच्या हातून आला आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, हे तीच सांगते. पुष्पिका नसलेली पोथी निरुपयोगी ठरत नाही; मात्र ती कोणत्या कुळातील आहे हे अंतर्गत पुराव्यावरून ठरविण्याचे कष्ट वाढतात.

चित्राखालची ओळ ही चित्राची पुष्पिका आहे. असे असूनही चित्राच्या पुनरुत्पादनाची चर्चा करताना समीक्षेचे लक्ष दुसरीकडेच राहिले आहे. वॉल्टर बेन्यामिन याचे नाव घेतले की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय हरपते, हा त्याचा १९३६ मधील निबंधातला विचार तत्काळ पुढे केला जातो. त्याच बेन्यामिनने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिताना, यापुढे ओळ हाच छायाचित्राचा सर्वांत महत्त्वाचा घटक होईल काय, असा प्रश्न विचारला होता. याचा उल्लेख त्या मानाने क्वचित होतो. तेजोवलयाचा प्रश्न मूळ आणि प्रत यांच्याविषयीचा आहे. ओळीचा प्रश्न एका प्रतीच्या दुसऱ्या प्रतीशी असलेल्या नात्याचा आहे. जेथे मूळ कोणीच पाहिलेले नाही, आणि पाहणारे सगळे प्रतीच पाहत आहेत, तेथे हा दुसरा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

रोलाँ बार्थने १९६४ मध्ये चित्राच्या वक्तृत्वशास्त्राची मांडणी करताना ओळीच्या कार्याला नांगराची उपमा दिली. चित्रातून अनेक अर्थ संभवतात; शब्द त्यांपैकी एकाशी पाहणाऱ्याला बांधून ठेवतो. जॉन बर्जर याने १९७२ च्या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत आणि त्याच नावाच्या पुस्तकात याचा प्रयोगच करून दाखविला. विन्सेंट व्हॅन गॉगचे गव्हाच्या शेतावर कावळे उडत असल्याचे चित्र आधी नुसते दाखवायचे. मग तेच चित्र, आत्महत्येपूर्वी त्याने काढलेले हे अखेरचे चित्र, अशा ओळीसह दाखवायचे. ओळ वाचताच कावळे अशुभ होतात आणि आकाश काळवंडते. चित्र आता त्या वाक्याचे उदाहरण होऊन बसते.

बर्जरचा मुद्दा अबाधित आहे. परंतु त्याने वापरलेले वाक्य टिकलेले नाही. कावळ्यांचे ते चित्र व्हॅन गॉगचे अखेरचे चित्र नव्हे, हे आता अभ्यासकांत सर्वमान्य आहे. १८९० च्या जुलैअखेर तो ज्यावर काम करत होता ते झाडांच्या मुळांचे अपुरे चित्र अखेरचे मानले जाते. या मुळांची जागा २०२० मध्ये सापडली, आणि तिच्या शोधाची हकीकत प्रस्तुत विषयाला पूरक आहे. वाउटर व्हान डेर वेन हा अभ्यासक टाळेबंदीच्या काळात संगणकाच्या पडद्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक जुने पोस्टकार्ड पाहत होता. ओव्हेर-स्यूर-ऑआझ या गावातील एका रस्त्याचे ते चित्र होते. कडेच्या उतारावर उघडी पडलेली मुळे त्याला ओळखीची वाटली. पोस्टकार्डावर रस्त्याचे नाव छापलेले होते, म्हणून जागा निश्चित करता आली. ओळ नसती, तर कोणत्या तरी फ्रेंच गावातील कोणता तरी उतार, एवढेच ज्ञान हाती लागले असते.

३

ओळ सुटण्याची प्रक्रिया आंतरजालापासून सुरू झाली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळेवरून अनेक रंगांत छापलेली लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांची चित्रे तेथून घरोघर गेली. चित्राच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर चित्राचे नाव आणि ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असा छापखान्याचा निर्देश असे. ग्राहक चित्र घरी नेई, चौकट करून घेई, आणि चौकटीच्या मापासाठी ती पट्टी कापली जाई किंवा लाकडाखाली झाकली जाई. कित्येक घरांत देवीच्या लुगड्यावर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून चित्र सजविले जाई. ज्या चित्राला हळदकुंकू वाहायचे, त्याच्या खाली छापखान्याचे नाव कशाला हवे?

या व्यवहाराला अज्ञान म्हणणे चुकीचे ठरेल. मूर्तीवर जसे शिल्पकाराचे नाव शोधले जात नाही, तसेच देवघरातील चित्रावरही नाही. चित्र एका उपयोगातून दुसऱ्या उपयोगात जाताना पहिल्या उपयोगाची ओळ गळून पडते आणि दुसऱ्याची तिच्या जागी येते. त्याच प्रतिमा पुढे दिनदर्शिकांवर, आगपेट्यांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत आल्या तेव्हा प्रत्येक वेळी हेच घडले. मात्र एक मर्यादा होती. कापलेली प्रत ही एकच प्रत असे. दुसऱ्या घरातील प्रत अखंड राहण्याची शक्यता शिल्लक राही, आणि आज संग्राहक छापांची कालनिश्चिती करतात ती अशाच अखंड पट्ट्यांवरून. कागदाच्या जगात प्रत कापणारा पुढील प्रतींचा जनक होत नसे. आंतरजालावर तो होतो. ज्याने ओळ कापली त्याच्या प्रतीवरून हजारो प्रती निघतात, आणि त्या सर्व बिनओळीच्या कुळात जन्माला येतात.

४

आंतरजालाच्या आरंभी चित्र शब्दाच्या आश्रयाने आले. १९९३ पर्यंत महाजालावरील पान मुख्यतः अक्षरांचे असे. चित्र पाहायचे तर ते स्वतंत्रपणे उघडावे लागे. त्या वर्षी फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन याने पानाच्या मजकुरातच चित्र बसविण्याची खूण सुचविली आणि ‘मोझेइक’ या न्याहाळकाने ती रूढ केली. १९९४ मध्ये निकोला पिओश या फ्रेंच विद्यार्थ्याने ‘वेबलूव्र’ नावाचे चित्रसंग्रहालय महाजालावर उभे केले. लूव्र संग्रहालयाच्या हरकतीनंतर त्याचे नाव ‘वेबम्युझियम’ झाले. या पहिल्या प्रयत्नाचे स्वरूप लक्षणीय आहे. तो संस्थेचा नव्हता, एका रसिकाचा होता. आणि त्यात चित्रांबरोबर चित्रकारांची चरित्रे होती, कालखंडांवरील टिपा होत्या. वाचक मजकुरातून चित्राकडे जात असे.

हा क्रम २००१ मध्ये उलटला. त्या वर्षी गूगलने चित्रांचा स्वतंत्र शोध सुरू केला. शोधणाऱ्यासमोर आता लहान लहान चित्रांची जाळी येऊ लागली. प्रत्येक चित्र ज्या पानावरून आले ते पान त्याच्या मागे होते. पण ते उघडण्याची गरज उरली नव्हती. शेकडो वेगवेगळ्या ग्रंथांतील चित्रांची पाने फाडून एकाच मेजावर पसरावीत, असा हा प्रकार होता. त्याचा लाभ मोठा होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना युरोपातील संग्रहालये कधीच पाहता येणार नव्हती अशा लहान गावांतील विद्यार्थ्यांना फर्मीर आणि रेम्ब्रां, होकुसाई आणि मोलाराम एका सपाट्यात पाहता आले. आंद्रे मालरोने १९४७ मध्ये कल्पिलेले भिंतींविना संग्रहालय ते हेच. पुनरुत्पादनात चित्रांची मापे हरवतात, लघुचित्र आणि भित्तिचित्र एकाच आकाराचे दिसू लागतात, हे मालरोने तेव्हाच सांगितले होते. येथे मापाबरोबर नावही हरवले. त्यानंतर २००७ मध्ये ‘टम्बलर’, २०१० मध्ये ‘पिंटरेस्ट’ आणि ‘इन्स्टाग्राम’ आले. दुसऱ्याने लावलेले चित्र आपल्या भिंतीवर लावणे हीच तेथील मुख्य क्रिया झाली. निवड हेच लेखन ठरले आणि निवडणाऱ्याचे नाव कर्त्याच्या जागी दिसू लागले.

संस्थांनी आरंभी या प्रवाहाला कायद्याचा बांध घालून पाहिला. स्वामित्वहक्क संपलेल्या चित्राची हुबेहूब छायाचित्रीय प्रत करण्यात स्वतंत्र निर्मिती नसते, म्हणून त्या प्रतीवर नवा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय न्यू यॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने ‘ब्रिजमन विरुद्ध कॉरेल’ या खटल्यात १९९९ मध्ये दिला. युरोपीय संघाने हेच तत्त्व २०१९ च्या निर्देशात स्वीकारले. मध्यंतरी, २००९ मध्ये, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या संकेतस्थळावरील तीन हजारांहून अधिक चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर चढविणाऱ्या एका अमेरिकी स्वयंसेवकाला कायदेशीर कारवाईची ताकीद दिली होती. या सर्व वादांचा विषय प्रत करण्याचा अधिकार हा होता. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याचे आपल्या कृतीशी असलेले नाते, हक्क विकल्यानंतरही, राखते. तेथेही चिंता कर्त्याच्या नावाची आहे. चित्रात कोण आहे, केव्हा आहे, कोठे आहे, हे खरे सांगण्याचे बंधन यांतील कोणीच कोणावर घातलेले नाही.

संस्थांची भूमिका बदलली ती एका व्यावहारिक अनुभवातून. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये फर्मीरचे दूध ओतणाऱ्या दासीचे चित्र आहे. त्याच्या पिवळट, रंग बिघडलेल्या दहा हजारांहून अधिक प्रती आंतरजालावर फिरत असल्याचे संग्रहालयाला आढळले. त्या इतक्या परिचित झाल्या होत्या की संग्रहालयाच्या दुकानातील अचूक रंगांच्या पोस्टकार्डांवर लोकांचा विश्वास बसेना. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर भ्रष्ट पाठ बहुसंख्य प्रतींत आल्यामुळे शुद्ध पाठच प्रक्षिप्त वाटू लागला होता. उपाय एकच होता: उत्तम प्रत तिच्या नोंदीसह मोकळी करणे. २०१२ मध्ये संग्रहालयाने सव्वा लाख चित्रे मुक्तपणे उपलब्ध केली. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा खुल्या केल्या आणि वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. कुलूप लावल्याने मूळ सुरक्षित राहत नाही, भ्रष्ट प्रतींचे मात्र फावते, हे उशिरा का होईना मान्य झाले.

याहून महत्त्वाचा प्रयोग २००८ मध्ये झाला होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार छायाचित्रे जानेवारीत ‘फ्लिकर’वर ठेवली आणि पाहणाऱ्यांकडून माहिती मागविली. त्यात जॉर्ज ग्रँथम बेन याच्या वृत्तसंस्थेची विसाव्या शतकाच्या आरंभीची बातमीची छायाचित्रे होती. घाईत लिहिलेल्या त्यांच्या ओळी त्रोटक होत्या. कोठे आडनाव तेवढे, कोठे नावाचे वर्णलेखन चुकलेले. पाहणाऱ्यांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळली, इमारती ओळखल्या, तारखा जुळविल्या. ग्रंथालयाच्या सेवकवर्गाने ही माहिती पडताळून घेतली, आणि पहिल्या वर्षातच पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या. चित्रांचा प्रसार आणि चित्रांची चिकित्सा या दोन क्रिया येथे एकत्र आल्या. प्रसाराने ओळ तुटते हे जेवढे खरे, तेवढेच प्रसाराने ती पुन्हा जोडता येते हेही खरे. फरक पडतो तो परतीची वाट ठेवली आहे की नाही यामुळे.

५

येथपर्यंतचे विवेचन ओळीच्या बाजूने झाले. परंतु ओळ नेहमीच चित्राच्या हिताची असते असे गृहीत धरल्यास एक मोठा इतिहास नजरेआड होईल. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींचे छायाचित्रमय दर्शन घडविणारे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. भारतातील जातिवर्णनाच्या छायाचित्रग्रंथांत त्यांचा क्रम आरंभीचा लागतो. त्यांतील माणसे छायाचित्रकाराच्या दालनात टिपलेली आहेत. नंतर त्या आकृती कापून मुंबईच्या वास्तूंच्या, रस्त्यांच्या वा समुद्राच्या वेगळ्या छायाचित्रांवर बसविल्या आहेत. चित्रांना ओळी आहेत, त्यांच्यासोबत विस्तृत मजकूरही आहे. त्या ओळींत जातीचे, पंथाचे, व्यवसायाचे नाव आहे. समोर बसलेल्या बहुतेक माणसांचे नाव मात्र नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत हीच पद्धत राज्यकारभाराची गरज म्हणून रुजली, कोणती जमात विश्वासू, कोणती उपद्रवी, असे शेरेही तेथे येतात.

ही सर्व चित्रे आज आंतरजालावर सहज पाहता येतात, आणि कित्येकदा ती ओळीविना पाहिली जातात. ‘जुनी मुंबई’ म्हणून ती कौतुकाने पुढे पाठविली जातात. या ठिकाणी ओळ गळणे ही हानी समजावी की मुक्ती? ओळीविना पाहिलेल्या चेहऱ्यात एक माणूस दिसतो. ओळीसह पाहिला की तो नमुना होतो. बार्थचा नांगर येथे बेडीसारखा काम करतो. परंतु ओळ पुसून टाकली तर तो चेहरा तेथे कसा आला, त्याच्या पाठीमागचा रस्ता खरा का नाही, त्याला नाव का नाही, हे प्रश्नही पुसले जातात. वर्गीकरणाची हिंसा तिच्या ओळीत लिहिलेली असते. ती ओळ हाच तिचा पुरावा आहे.

या पेचावर पाठचिकित्सेकडे एक जुना उपाय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य मराठी अभ्यासकांना परके नाही. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे पाठ मुख्य संहितेत घेतले नाहीत ते फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत हस्तलिखिताच्या निर्देशासह जपले. त्यामुळे संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नाही त्यालाही आपला निर्णय घेण्याची सामग्री उपलब्ध राहिली. चित्राच्या ओळीबाबत हीच शिस्त हवी. जॉन्सनची ओळ जॉन्सनची म्हणून तारखेसह राहावी. तिच्याखाली नंतरच्या अभ्यासकांची नोंद यावी. आणि त्या समाजातील कोणी वंशज काही सांगत असेल तर तेही त्याच्या पुराव्याच्या बलाबलासह यावे. एका ओळीच्या जागी ओळींचा इतिहास ठेवावा.

६

या प्रश्नाला नवी धार आली ती २०२२ नंतर. त्या वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायन-५बी’ या संचात आंतरजालावरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या. शब्दांवरून चित्रे घडविणाऱ्या यंत्रांना शिकविण्यासाठी असे संच वापरले गेले. यातील मजकूर बहुतांशी चित्राला पर्याय म्हणून पानाच्या संकेतभाषेत लिहिलेला असतो. चित्र उमटले नाही, किंवा वाचकाला दृष्टी नसली, तर त्याच्यासाठी ही ओळ असते. ज्या ओळींकडे कोणी पाहत नाही, म्हणून ज्या कशाही लिहिल्या गेल्या, त्याच यंत्राच्या पाहण्याचे अधिष्ठान झाल्या. चुकीची ओळ आतापर्यंत एका चित्राची दिशाभूल करत होती. आता ती पुढे घडणाऱ्या असंख्य चित्रांत विरघळते, आणि तेथून ती वेगळी काढता येत नाही. पोथीतील प्रमाद निदान कोणत्या ओळीवर आहे हे दाखविता येत असे.

उपायही योजले जात आहेत. चित्राच्या आतच त्याचा उगम आणि त्यावरील संस्कार नोंदवून ठेवण्याचे तांत्रिक संकेत छायाचित्रण आणि संगणक क्षेत्रांतील कंपन्यांनी एकत्र येऊन २०२१ पासून विकसित केले आहेत. ही यांत्रिक पुष्पिकाच आहे. परंतु अनेक माध्यमे चित्र चढविताच त्याच्या आतील नोंदी काढून टाकतात. आणि नोंद टिकली तरी ती यंत्राने केव्हा, कोठे टिपले एवढेच सांगू शकते. तिघींपैकी कोण कोणत्या गावाहून आली, हे तिला ठाऊक नसते.

येथे मराठीचा प्रश्न उपस्थित होतो. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रांना २०१९ पासून कोणत्याही भाषेत स्वतंत्र ओळ देता येते. मराठीतही देता येते. असे असताना महाराष्ट्राशी संबंधित चित्रांच्या नोंदी प्रायः इंग्रजीत राहतात, आणि त्या इंग्रजी नोंदींना मराठी साधनांचा स्पर्श क्वचितच होतो. आनंदीबाईंविषयी मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आहे, पत्रव्यवहार आहे, श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे, २०१९ मधील चित्रपट आहे. मराठी वाचक ते छायाचित्र पाहतो तेव्हा त्याच्या मनात ही सर्व सामग्री जागी होते. कादंबरीने घडविलेल्या आनंदीबाई आणि छायाचित्रातील आनंदीबाई यांची सरमिसळही होते, आणि तीही तपासली जाण्याची गरज आहे. पण हे सारे मराठीतच राहते. जगासमोर जाते ते ‘सेरॅनिसोर’, किंवा मग पहिल्या परवानाधारक डॉक्टरची गौरवगाथा. मराठी अभ्यासकाने एक टीप लिहायची, आधार द्यायचा आणि ती नोंदीला जोडायची, एवढे हे काम आहे. ते प्रतिष्ठेचे मानले जात नाही. विद्यापीठीय मूल्यमापनात त्याला जागा नाही. परंतु पोथ्यांच्या सूची करणाऱ्यांच्या पिढीने असेच अप्रतिष्ठित काम केले, म्हणून पुढच्या पिढ्यांना साहित्येतिहास लिहिता आला.

त्या छायाचित्रातील तिसऱ्या स्त्रीविषयी सर्वांत कमी माहिती उपलब्ध आहे. तिचे नाव हस्ताक्षरात ‘तबात’ असे उतरले आहे, इतरत्र ते ‘सबात’ असे आढळते. कोठे तिला सिरियन म्हटले जाते, कोठे ज्यू, कोठे कुर्द. ही रूपे एकमेकांची खोडणी करतातच असे नाही. एका ऑटोमन नागरिकाच्या वाट्याला आलेल्या अनेक ओळखी त्यांत असू शकतील. तिच्या नावाचा निर्णय बहुधा दमास्कसच्या बाजूने, अरबी साधनांच्या आधारे कोणी तरी करील. सेरामपूरचा निर्णय मात्र मराठी साधनांच्या आधारे आजच करता येण्यासारखा आहे.